चव रजिस्टरवरची माझी सही

शाळेत दुपारचं जेवण मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने ते चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये नोंद करायची, असा नियम आहे. तारीख, वार, पदार्थ, चव, सही. आमची शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापिका बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या की त्या दिवशीची सही माझी.

2014 च्या जूनमध्ये मी मालवण तालुक्यातल्या या शाळेवर हजर झालो आणि पहिल्याच आठवड्यात तो दिवस आला. स्वयंपाकाच्या ताईंनी वाटीत डाळ आणून दिली. डाळीत बारीक, गोलसर हिरवी पानं होती. ‘शेगलाचो पालो घातलाय,’ ताई म्हणाल्या. शेगूल म्हणजे आपला शेवगा, हे मला तेव्हा कळलं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, व्हरांड्यात मुलं ताटल्या मांडून वाट बघत होती. मी चमच्याने पानं बाजूला सारली, वरचं पिवळं पाणी तेवढं जिभेला लावलं, आणि रजिस्टरमध्ये ‘चव चांगली’ लिहून सही ठोकली.

ती नोंद खोटी होती. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या वाट्याला पोषण आहारात दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी येते. त्या 50 ग्रॅमची हमी मी न चाखता दिली होती. मुलं पान न् पान पुसून जेवली. मी डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून वर्गात एकटा जेवलो.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, निलंगा तालुका. नोकरी लागेपर्यंत माझं खाणं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखं होतं: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, दही आणि बटाटा. बटाटा कसाही चालायचा. बाकी भाज्यांचं आणि माझं जमत नव्हतं. वांग्याची बी दाताखाली आली, भेंडीची तार ओठाला लागली, मेथीचा देठ घशाशी गेला की घसा आपोआप आवळायचा. हे मी ठरवून करत नव्हतो. ज्यांना असं होत नाही त्यांना ते कळत नाही, म्हणून ते त्याला नखरे म्हणतात. ‘भूक लागली की खाईल गुमान,’ हे वाक्य मी लहानपणी इतक्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की कुणी म्हटलं हेही आता आठवत नाही. मला भूक लागायची. मी उपाशी झोपायचो.

आठवीला मी एका वसतिगृहात होतो. तिथे ताट संपल्याशिवाय उठायचं नाही असा दंडक होता. एका संध्याकाळी लाल भोपळ्याची भाजी होती. सगळी मुलं उठून गेली, भांडी घासून झाली, दिवे मालवायची वेळ झाली, तरी मी ताटापुढे बसलेलो. शेवटी समोर उभं राहून एकेक घास खायला लावला. तिसऱ्या घासाला वांती झाली, ती मलाच पुसायला लावली. आज मी सदतीस वर्षांचा आहे आणि लाल भोपळा शिजल्याचा वास आला तरी माझ्या तळहाताला घाम येतो. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरात ताटापुढे बसून राहणारं एखादं लेकरू आहे त्यांनी वाचावं म्हणून लिहितोय. त्या तीन घासांनी मला भोपळा शिकवला नाही, पुढच्या दहा वर्षांत कुठलीही नवी भाजी समोर आली की मला ती संध्याकाळ आठवायची.

आमच्या घरी माळ आहे. वडील वारकरी, त्यामुळे मासळी वर्ज्य. कोकणात मासे न खाणारा आणि भाज्याही न खाणारा माणूस म्हणजे काय अवस्था होते ते पहिल्या पावसाळ्यातच कळलं. इथे बाजारात दिसणारी फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, बटाटे अशी बरीचशी भाजी कोल्हापूर आणि बेळगावकडून घाट उतरून येते. त्या जुलैत घाटात दरड आली आणि गाड्या दोन दिवस वरच अडकल्या. वाडीतल्या दुकानात बटाट्याच्या पोत्याच्या तळाशी मोड आलेले चार बटाटे उरले होते. मी ते घेतले, आणि मग तेही संपले.

मी जिथे भाड्याने राहायचो तिथल्या काकी एकट्या असत. मुलगे मुंबईला. माझ्या खोलीचं दार आणि त्यांची पडवी समोरासमोर, त्यामुळे माझ्या स्टोव्हवर काय शिजतं ते त्यांना वासावरून कळायचं, आणि त्या दोन दिवसांत काहीच शिजत नव्हतं हेही कळलं. संध्याकाळी त्या एका ताटलीत काप घेऊन आल्या. पिवळसर, कडेने करपलेले, तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर परतलेले. ‘ह्या खावन बघा. नाय आवडला तर ठेवा थयच,’ एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. उभ्या राहिल्या नाहीत. मी खातो की नाही हे बघायला त्या थांबल्या असत्या तर मी खाल्लं नसतं, याची मला खात्री आहे.

तो नीरफणस होता. चव बटाट्याच्या अगदी शेजारची, जरा कोरडी, आतून पावासारखी मऊ. बी नाही, तार नाही, पाणी नाही. माझ्या घशाला नकार द्यायला काही सापडलं नाही. सात काप खाल्ले आणि ताटली धुऊन परत द्यायला गेलो. काकींनी मागच्या दारी झाड दाखवलं. खोल कातरलेली, हातभर लांबीची पानं आणि त्यातून लोंबणारी हिरवी, खरखरीत फळं. कापलं की पांढरा चीक येतो, म्हणून विळीला आधी तेल लावायचं.

पुढे वर्गात शिकवण्याच्या निमित्ताने मी या झाडाबद्दल वाचलं. नीरफणस मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडचा. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून इंग्रजांनी 1787 साली ‘बाउंटी’ नावाचं जहाज याची रोपं आणायला ताहितीला धाडलं. 1789 मध्ये जहाजावर बंड झालं, बंडखोरांनी हजारावर रोपं समुद्रात फेकून दिली. कॅप्टन विल्यम ब्लाय याने दुसऱ्या खेपेला, 1793 मध्ये, रोपं पोचवली. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या माणसांनी सुरुवातीला ते फळ खायला नकार दिला. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ज्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलं होतं त्यांच्याकडे एवढी एकच गोष्ट शिल्लक होती, तोंड बंद ठेवणं.

आणि बटाटा, ज्याला मी जन्मभर घरचा समजलो, तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी आणला आणि त्यांचाच शब्द आपण जसाच्या तसा ठेवला. काजू आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. म्हणजे माझ्या ताटातला ओळखीचा पदार्थ लांबचा पाहुणा होता आणि ज्यांना मी परकं म्हणत होतो ती टाकळा, कुर्डू, भारंगी, फागलं ही रानभाजी इथल्या मातीत कुणी न पेरता उगवत होती.

नीरफणसाने दार किलकिलं केलं. पण ते खरं उघडलं केळफुलाने, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय.

श्रावणातला रविवार. काकी पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या, पुढ्यात जांभळं, जड केळफूल. मी कपडे वाळत घालत होतो. ‘खावक नको गुरुजी, साफ करूक तरी बसा,’ त्या म्हणाल्या. कुणी खायचा आग्रह न करता कामाला बसवलं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. बसलो. आधी दोन्ही हातांना खोबरेल चोळलं, कारण केळफुलाचा चीक हाताला काळा डाग पाडतो आणि तो चार दिवस जात नाही. मग बाहेरचं एक जांभळं दल मागे वाकवलं. त्याच्या पोटात पांढरट फुलांची एक फणी, दोन ओळींत नीट निजवलेली, प्रत्येकाच्या टोकाला पिवळी छटा. दल सोललं की खाली दुसरं दल, त्याच्या पोटात दुसरी फणी, आधीपेक्षा थोडी लहान.

एक फूल काकींनी माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाने टोक उघडलं. आत बारीक नरम तंतू आणि त्यांच्या मध्ये एक ताठ काडी, टोकाला गुल असलेल्या आगकाडीसारखी. ती चिमटीत धरून ओढायची. ‘ही ऱ्हवली तर शिजना नाय, भाजी कडू जाता.’ मग फुलाच्या बुडाशी एक छोटा, पारदर्शक पापुद्रा असतो, प्लास्टिकच्या तुकड्यासारखा. तोही काढायचा. प्रत्येक फुलातून काडी आणि पापुद्रा. एका केळफुलात शेकड्यांनी फुलं. दीड तास आम्ही बसलो होतो. मध्ये एक सर येऊन गेली, पागोळ्या पडत राहिल्या, काकी मुलांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. माझ्या शेजारी काड्यांचा ढीग वाढत होता आणि माझ्या लक्षात आलं की जे मला तोंडात नको असतं, ताठ, चिवट, अचानक दाताखाली येणारं, ते मी माझ्या हाताने बाहेर काढतोय. या भाजीत आता काय आहे आणि काय नाही ते मला ठाऊक होतं.

आतली दलं फिकट पांढरी झाली की तो गाभा तसाच बारीक चिरायचा. सगळं ताकाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं, म्हणजे तुरटपणा उतरतो आणि रंग काळवंडत नाही. दुसऱ्या दिवशी पिळून, भिजवलेल्या काळ्या वाटाण्यांसोबत शिजवलं. मोहरी, हिंग, सुकी मिरची, चिमूटभर गूळ, वरून मूठभर ओलं खोबरं. काकींनी माझ्या ताटलीत एक चमचा वाढलं. मी खाल्लं. मऊ, किंचित तुरट, खोबऱ्याने गोडसर. घसा आवळेल म्हणून मी वाट बघत होतो, तो आवळला नाही. मी आणखी मागून घेतलं. कुणाकडे भाजी मागून घेण्याचा तो माझा पहिला प्रसंग, आणि त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं. आई फोनवर काही बोललीच नाही थोडा वेळ.

माझं म्हणणं जे काही आहे ते यातूनच आलेलं आहे. भाजी ताटात पहिल्यांदा भेटली तर ती परकी वाटते. तीच आधी हातात, सुपात, बांधावर भेटली असेल तर ताटात येईपर्यंत तिची भीती पुष्कळ ओसरलेली असते. आणि दुसरं, नको म्हणायची मुभा पाहिजे. ‘नाय आवडला तर ठेवा’ हे वाक्य खरं पाहिजे, म्हणजे खरोखर ठेवलं तरी कुणी तोंड वाकडं करता कामा नये.

टाकळा मला मुलांनी शिकवला. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की शाळेच्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी तो उगवतो. एका पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडची सगळ्यात मोठी. ‘सर, ह्यो टाकळो. सांजेक निजता,’ चौथीतला एक मुलगा म्हणाला. मी संध्याकाळी जाऊन पाहिलं, खरंच जोड्या मिटलेल्या, पानाला पान लावून. सकाळी पुन्हा उघड्या. मग आम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला आठवडाभर त्याची नोंद ठेवली. कोवळा असताना शेंड्याची पानं खुडायची. पुढे श्रावणात तो गुडघाभर वाढतो, पिवळी फुलं येतात, तेव्हा पानाला उग्र वास सुटतो आणि ते खाण्यासारखं राहत नाही. भाजी साधी असते, कांदा, लसूण, फणसाच्या ठेचलेल्या आठळ्या आणि खोबरं. मी ती खाल्ली तेव्हा महिनाभर त्या झाडाला ओळखत होतो. पहिल्या घासाला जो रानवट वास आला तोही मला आधीच माहीत होता, माझ्या बोटांना तो रोज यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘अरे, हा तर तरोटा. आपल्या बांधाला किती येतोय. तुला लहान असताना करून घातला होता की, तू ताट सरकवलंस.’ मला आठवलं नाही.

सगळंच सुरळीत गेलं असं नाही. पुढच्या पावसाळ्यात हुरूप वाढला आणि मी एकटाच गडग्याच्या कडेचं तेरं कापून आणलं. तेरं म्हणजे रानातलं अळू. काकी मुंबईला गेल्या होत्या. त्यांना करताना पाहिलं होतं तेवढ्यावर मी ते चिरलं, शिजवलं, पण मला आंबट फारसं आवडत नाही म्हणून सोलां, म्हणजे आमसुलं, घातली नाहीत. दोन घासांत जीभ, टाळू, घसा असं खाजायला लागलं की पाणी गिळता येईना. रात्रभर बसून काढली. अळवात, सुरणात, शेवळं या रानभाजीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून घसा खवखवतो. त्यासाठीच कोकणातली बाई अळवाला सोलां, चिंच, बिंबलं नाहीतर अंबाडे घातल्याशिवाय चुलीवर ठेवत नाही, आणि शेवळ्यात काकड या रानझाडाची आंबट फळं घालते. काकी परत आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हाच, ‘सोलां नाय घातलात?’ मी ज्याला चवीची आवडनिवड समजत होतो तो त्या भाजीचा निम्मा भाग होता. तेव्हापासून मी स्वतःहून रानातलं काही खुडत नाही. जाणतं माणूस सोबत असेल तरच. अळंब्यांच्या बाबतीत तर हे कुणीही मोडू नये, चुकीची अळंबी माणसाचा जीव घेते.

तेरं नंतर काकींच्या हातचं, सोलां आणि काळे वाटाणे घातलेलं खाल्लं. चांगलं लागलं. पण सहा महिने गेले त्याला.

भारंगीशी मात्र माझं जमलेलं नाही. पानं उकळून, पाणी पिळून टाकून, मुगाची डाळ घालून केली तरी मला ती कडू लागते, आणि काकी म्हणतात की त्यात कडू काहीच नाही. बरीच वर्षं मी समजायचो की त्या मला समजावण्यासाठी म्हणतात. मग एका प्रशिक्षणाच्या तयारीत वाचायला मिळालं की 1931 मध्ये आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ एका पदार्थाची भुकटी बाटलीत भरत असताना ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी तक्रार करू लागला की तोंड कडूजहर झालं. फॉक्सला काही चव लागेना. दोघांनी आलटून पालटून भुकटी जिभेवर ठेवून पाहिली, उत्तर तेच. काही कडू चवी एका माणसाला लागतात, दुसऱ्याला लागतच नाहीत, आणि हा फरक जन्मतः आईवडिलांकडून येतो. भारंगीत नेमकं तेच घडतं की काय याच्या खोलात मी शिरत नाही, पण काकी खोटं बोलत नव्हत्या आणि लहानपणी मीही खोटं बोलत नव्हतो, एवढं मला त्यातून उमगलं.

शाळेत तीन वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगी आली, मुंबईहून आजीकडे राहायला. ती फक्त भात आणि वरणाचं पाणी खायची. वरणात कोथिंबिरीचं पान आलं तरी ताटली दूर. मी तिला पाहिलं आणि मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. बाकीची मुलं हसायची, ते आधी बंद केलं. ताईंना सांगितलं की तिला भाजी वाढा, पण वेगळी, कडेला, भाताला न लागू देता, आणि ती तशीच राहिली तर काही बोलू नका.

त्या पावसात आम्ही परसबागेत लाल माठाचे दोन वाफे केले होते. एक वाफा तिच्या गटाकडे दिला. माठ विरळताना तिचे तळहात लाल झाले, ते तिला आवडलं. मग तिच्या वाफ्यातला माठ शिजला त्या दिवशी भाजीचा रस भाताला लागला आणि भात गुलाबी झाला. तिने पानं बाजूला ठेवून तो गुलाबी भात खाल्ला. मी वहीत तारीख लिहिली. नवी चव मुलाच्या ओळखीची व्हायला आठ ते पंधरा वेळा तरी ती समोर यावी लागते, असं या विषयातले अभ्यास सांगतात. घरची माणसं मात्र तीन-चार वेळा करून बघतात आणि ‘हिला आवडत नाही’ म्हणून सोडून देतात. तिने नवव्या वेळी एक पान तोंडात घालून बाहेर काढलं. तेराव्या वेळी गिळलं. गोकुळाष्टमीला इथे घरोघरी आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेगलाची भाजी होते. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन तिने मला सांगितलं, ‘सर, मी शेगल खाल्लं. थोडं.’ थोडं म्हणजे किती ते मी विचारलं नाही.

माझ्याबरोबर हजर झालेले मराठवाड्यातले बहुतेक सहकारी आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावी परतले. मी अजून अर्ज केलेला नाही. चव रजिस्टरमध्ये आता ‘चव चांगली’ एवढंच लिहून मी भागवत नाही. ‘शेगलाचा पाला कोवळा, मीठ थोडं कमी’, ‘पडवळ नीट शिजलं नाही’ असं लिहितो. ताई पहिल्यांदा रागावल्या होत्या, आता आपणहून विचारतात काय लिहिलं म्हणून.

गेल्या भाद्रपदात घरी महालक्ष्म्यांना गेलो. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र शिजतात. लहानपणी त्या पातेल्याकडे मी बघतही नसे, सोळा अनोळखी गोष्टी एकाच चमच्यात. यावेळी कुडाळहून कोल्हापूर आणि तिथून लातूर असा एसटीने रात्रभर प्रवास करत मी पिशवीतून एक केळफूल नेलं, ओल्या फडक्यात गुंडाळून. आईने ते उलटसुलट करून पाहिलं. तिने कधी केलं नव्हतं. मी सुपात घेऊन बसलो, तिच्या हातांना खोबरेल लावलं, पहिलं दल वाकवलं आणि काडी कुठली, पापुद्रा कुठला ते दाखवलं. तिची नजर आता अधू झालीय, पापुद्रा दिसेना, तर ती बोटाने चाचपून काढायला शिकली. बहीण म्हणाली, ही सतरावी झाली. आई म्हणाली, असू दे.

पातेलं चुलीवर चढलं. एकेक भाजी पडत होती. गवार, दोडका, कार्लं, तोंडलं, चुका. शेवटी आईने लाल भोपळ्याच्या फोडी उचलल्या, आणि टाकण्याआधी थांबून पळीभर भाजी एका वाटीत वेगळी काढली, वर झाकण ठेवलं. ‘ही तुझी,’ म्हणाली, आणि मग भोपळा घातला.